१४ पियानो आणि रद्दीचा डोंगर: माणसं वस्तू का साठवतात?

(एपिसोडचा लिखित मजकूर)

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, नाहीतर झोप येत नाही म्हणून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजची गोष्ट न्यूयॉर्कची आहे आणि पंचाहत्तरपेक्षा जास्त वर्षं जुनी आहे. पण तिच्या मुळाशी जे वाक्य आहे, ते आपल्या घराघरात रोज ऐकू येतं: "असू दे, लागेल कधीतरी."

चला तर मग.

बंद दार

२१ मार्च १९४७, शुक्रवार. न्यूयॉर्क पोलिसांना सकाळी एक फोन येतो. पलीकडचा माणूस सांगतो की फिफ्थ ॲव्हेन्यूवर २०७८ नंबरच्या घरात कुणीतरी मरून पडलंय. पत्ता हार्लेममधला, १२८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा. हे घर सगळ्या शहराला माहीत होतं. तिथं कॉलियर बंधू राहायचे, थोरला होमर आणि धाकटा लँगली. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. दोघंही कुणात मिसळत नसत. आणि घराच्या आत काय आहे, याच्या फक्त अफवा होत्या.

पोलीस आले. दार वाजवलं, उत्तर नाही. दार फोडलं, तर दारामागे आणखी एक भिंत! वर्तमानपत्रांचे गठ्ठे, लोखंडी खाटा, मोडक्या खुर्च्या, खोकी, सगळं एकमेकांत असं गच्च बसलेलं की माणूस सोडा, हातसुद्धा आत जाईना. शेवटी एक पोलीस वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरला. पुढे सरकायचं तर एकच मार्ग होता, सामान उचलायचं आणि खिडकीतून खाली रस्त्यावर फेकायचं. असं काही तास चाललं. मग त्या ढिगाऱ्यात होमर सापडला. वय ६५, अंगात फाटका झगा, डोकं गुडघ्यांवर टेकलेलं. मरून थोडेच तास झाले होते. पोटात अन्न नाही, पाणी नाही, आणि आधीच दुबळं झालेलं हृदय.

मग लँगली कुठाय?

हा खरा प्रश्न होता. कारण होमर आंधळा होता आणि संधिवातानं त्याचं शरीर जखडलेलं होतं. त्याला उठताही येत नव्हतं. त्याचं खाणंपिणं, धुणंपुसणं सगळं लँगली करायचा, कित्येक वर्षं. तो भाऊ गायब कसा? पेपरवाल्यांनी तर्क लढवले. कुणी म्हणे तो बसमध्ये दिसला, कुणी म्हणे तो समुद्रकाठच्या दुसऱ्या गावी पळाला. पोलिसांनी शेजारच्या राज्यांमध्येही शोध घेतला. इकडे घर उपसणं चालूच होतं. बाहेर हजारोंची गर्दी, जत्रा भरावी तशी.

८ एप्रिलला लँगली सापडला, त्याच घरात. होमर जिथं बसलेला होता, तिथून साधारण १० फुटांवर.

झालं होतं असं. चोरांच्या भीतीनं लँगलीनं सामानाच्या ढिगांमधून बोगदे केले होते आणि त्यांत सापळे लावले होते. दोरीला धक्का लागला की वरचा गठ्ठा अंगावर कोसळणार. भावासाठी खाणं घेऊन अशाच एका बोगद्यातून सरपटत जाताना तो स्वतःच्याच सापळ्यात अडकला आणि कागदांच्या ढिगाखाली गाडला गेला. होमरच्या बऱ्याच दिवस आधी. म्हणजे विचार करा, आंधळा होमर १० फुटांवर बसून त्याची वाट बघत राहिला, उपाशी.

घरातून काय निघालं?

यादी ऐका. १४ पियानो. २५,००० च्या वर पुस्तकं. व्हायोलिन, बँजो, बिगुल, ॲकॉर्डियन. बाबागाड्या. गंजलेल्या सायकली. बंदुका. शिंप्याकडे कपडे मापायला असतात तसले पुतळे. शेकडो यार्ड न वापरलेलं कापड. घड्याळं. झुंबरं. बरण्यांमध्ये औषधी द्रवात ठेवलेले मानवी अवयव. जुन्या फोर्ड मॉडेल टी गाडीचा सांगाडा, तोही घराच्या आत! आणि वर्तमानपत्रं. इतकी की त्यांच्याच भिंती, त्यांचेच बोगदे.

एकूण वजन भरलं शंभर टनांच्या कितीतरी वर. आणि विकण्याजोगं जे निघालं, त्याचे २,००० डॉलर्ससुद्धा आले नाहीत. बाकी सगळं अक्षरशः कचरा. घराची अवस्था इतकी वाईट होती की त्याच वर्षी ते पाडावं लागलं. आज त्या जागी एक छोटंसं उद्यान आहे, त्याच भावांच्या नावाचं. आणि न्यूयॉर्कचे अग्निशमन दलाचे जवान अजूनही सामानानं ठासून भरलेल्या घराला आपसात 'कॉलियर मॅन्शन' म्हणतात. त्यांच्यासाठी तो इशारा असतो: सांभाळून, आत वाट नाही.

आता ही यादी ऐकून आपण म्हणतो, वेडेच होते दोघं. सगळ्या न्यूयॉर्कनं तेव्हा हेच म्हटलं. पण यादीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू. प्रत्येक वस्तूला विचारू, बाई गं, तू इथं आलीस कशी?

प्रत्येक वस्तूला एक कारण होतं

बरण्यांतले अवयव आणि वैद्यकाची पुस्तकं वडिलांची. वडील, डॉ. हर्मन कॉलियर, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. ते १९१९च्या सुमारास घर सोडून वेगळे राहू लागले आणि १९२३मध्ये वारले. त्यांच्या दवाखान्यातलं सगळं सामान मुलांकडे आलं. आई १९२९मध्ये गेली. ती गायिका होती. तिचं फर्निचर, तिच्या पेट्या, तिचं कापड, सगळं घरातच राहिलं. कायद्याची पुस्तकं होमरची, कारण होमर वकील होता. पियानो लँगलीचे, तो उत्तम वाजवायचा आणि काही काळ पियानो विकायचाही. मॉडेल टी गाडी? घरातली वीज १९२८मध्ये तोडली गेली होती. गाडीचं इंजिन वापरून घरीच वीज तयार करायची, असा लँगलीचा बेत होता. त्याचं शिक्षण इंजिनियरिंगचं, असं तो सांगायचा. मीही इंजिनियरच, त्यामुळे या बेताबद्दल मला थोडी सहानुभूती आहे!

आणि वर्तमानपत्रं? इथं माझा घसा दाटतो. १९३३मध्ये होमरची दृष्टी गेली. डॉक्टरांना बोलवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. आपण डॉक्टरची मुलं, घरात एवढी वैद्यकाची पुस्तकं, मग बाहेरचा डॉक्टर कशाला? लँगलीनं स्वतःच उपचार सुरू केला: आठवड्याला १०० संत्री, काळा पाव, शेंगदाण्याचं लोणी. त्याची खात्री होती की होमरला पुन्हा दिसू लागणार. आणि दिसू लागलं की मधल्या वर्षांत जगात काय काय घडलं ते त्याला वाचायला हवं ना! म्हणून तो रोजचे पेपर जपून ठेवत गेला. एक वर्ष. पाच वर्षं. चौदा वर्षं.

म्हणजे ती रद्दी नव्हती. निदान लँगलीसाठी नव्हती. ते भावाला दिलेलं वचन होतं, गठ्ठ्यागठ्ठ्यानं रचलेलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे लोक गरीब नव्हते. १९४२मध्ये कर्ज थकलं म्हणून बँक घर जप्त करायला आली. माणसं दार तोडून आत घुसली, तर ढिगाऱ्यात त्यांना लँगली भेटला. त्यानं काही न बोलता एक चेक लिहिला, ६,७०० डॉलर्सचा. पूर्ण कर्ज एका फटक्यात फेडलं आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. पैशाअभावी कुणी असं राहत असतं, तर हा चेक निघाला नसता.

आणि भीती? तिचंही कारण होतं. १९३८मध्ये वर्तमानपत्रांत या घरावर लेख आले. आत म्हणे नोटांचे ढीग आहेत, दागिने आहेत. मग चोऱ्यांचे प्रयत्न सुरू झाले. पोरं खिडक्यांवर दगड मारायची. भावांनी खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या. खिडक्या बंद दिसल्या की अफवा वाढायच्या, अफवा वाढल्या की चोर यायचे, चोर आले की आत आणखी सापळे. कोडमध्ये आम्ही याला इन्फिनिट लूप म्हणतो. बाहेर पडायची अटच लिहिलेली नाही.

कंजूष, पापी की आजारी?

आता प्रश्न असा की अशा माणसांना जगानं समजून कसं घेतलं? इथं इतिहास फार मजेदार वळणं घेतो.

शेकडो वर्षं उत्तर सोपं होतं: हे लोभी लोक. १४व्या शतकात इटलीच्या दान्तेनं नरकाचं वर्णन केलं, त्यात साठवणाऱ्यांसाठी एक खास वर्तुळ ठेवलं. तिथं कंजूष आणि उधळे समोरासमोर येऊन छातीनं जड ओझी ढकलत राहतात, कायमचे. पुढे १८४२मध्ये रशियात गोगोलची 'मृत आत्मे' कादंबरी आली. तिच्यात प्ल्यूश्किन नावाचा जमीनदार आहे, जो रस्त्यावर पडलेलं चामड्याचं तळवंसुद्धा उचलून घरी आणतो. रशियन भाषेत आजही अशा माणसाला प्ल्यूश्किनच म्हणतात. आपल्याकडे 'चिंगूस' म्हणतो तसं. पण गोगोलनं एक बारीक गोष्ट टिपली होती. प्ल्यूश्किन आधी असा नव्हता. त्याची बायको वारली, मुलं दुरावली, आणि मग हे सुरू झालं.

१८९०मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक साधी पण जबरदस्त गोष्ट मांडली. माणसाचा 'मी' त्याच्या कातडीपाशी संपत नाही. त्याचे कपडे, घर, माणसं, वस्तू, ज्याला ज्याला तो 'माझं' म्हणतो, ते सगळं मिळून तो 'मी' बनतो. म्हणून काही हरवलं की आपण स्वतःच थोडे कमी झाल्यासारखं वाटतं. नवा फोन घेतल्यावर जुना फोन एक्स्चेंजमध्ये देताना काहीतरी तुटतं ना आत? तेच ते.

१९०८मध्ये फ्रॉइडनं सगळा दोष बालपणातल्या शी-शूच्या सवयींकडे नेला. त्याबद्दल आज फारसं कुणी गंभीरपणे बोलत नाही, आपणही पुढे जाऊ.

मग १९४७. हो, तेच साल! एकीकडे न्यूयॉर्कमध्ये कॉलियरांचं घर उपसलं जात होतं, आणि त्याच वर्षी एरिक फ्रॉम या मानसशास्त्रज्ञाचं एक पुस्तक आलं. माणसांच्या स्वभावाचे प्रकार सांगताना त्यानं एक प्रकार 'साठवणारा' असा सांगितला. या माणसाला बाहेरच्या जगातून नवं काही चांगलं मिळेल यावर विश्वास नसतो. म्हणून जे हातात आहे ते आत घ्यायचं, भोवती भिंत बांधायची, आणि बाहेर कमीत कमी जाऊ द्यायचं. फ्रॉमची भिंत उपमेतली होती. लँगलीची खरीखुरी होती.

एक छोटी जाहिरात

यानंतर बरीच वर्षं या विषयाकडे फारसं कुणी शास्त्रीय पद्धतीनं पाहिलं नाही. हा मंत्रचळेपणाचाच, म्हणजे ओसीडीचा, एक भाग असं समजून सोडून दिलं जायचं. चित्र बदललं १९९०च्या दशकात. अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजमधले प्राध्यापक रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीनं स्थानिक पेपरमध्ये जाहिरात दिली: तुम्हाला वस्तू टाकवत नाहीत का? आमच्याशी बोला. वाटलं होतं, कोण फोन करणार? पण फोनवर फोन आले.

१९९३मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून आणि पुढच्या कामातून ज्या गोष्टी दिसल्या, त्या बऱ्याच समजुतींना धक्का देणाऱ्या आहेत.

पहिली समजूत: लहानपणी गरिबी बघितली म्हणून माणूस साठवतो. आपण आजी-आजोबांबद्दल हमखास हे म्हणतो, दुष्काळ बघितलाय त्यांनी. पण फ्रॉस्टना लहानपणीची टंचाई आणि टोकाचं साठवणं यांत तसा संबंध सापडला नाही. हं, आयुष्यात बसलेला मोठा धक्का, जवळच्या माणसाचा मृत्यू, हिंसा, अशा गोष्टी मात्र अशा लोकांच्या आयुष्यात जास्त दिसतात.

दुसरी समजूत: ही माणसं आळशी, बेशिस्त असतात. उलट! यांतले कित्येक जण परफेक्शनिस्ट असतात. चुकीचा निर्णय होऊ नये, याची त्यांना इतकी धास्ती की निर्णयच होत नाही. हा कागद टाकला आणि उद्या लागला तर? मग तो बाजूला ठेवायचा. बाजूला ठेवलेल्यांचा ढीग होतो. म्हणजे घरातला पसारा हा खरं तर न घेतलेल्या निर्णयांचा पसारा असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. वस्तू ठेवण्याची त्यांची कारणं आपल्यापेक्षा वेगळी नसतात. कारणं तीनच: उपयोगी पडेल, आठवण आहे, किंवा सुंदर आहे. तुम्ही लग्नपत्रिका ठेवता, ते ठेवतात. फरक इतकाच की आपण दहा वस्तूंबद्दल असं म्हणतो, ते प्रत्येकच वस्तूबद्दल म्हणतात. शिवाय आपण 'बिलं' म्हणून एक फाइल करतो आणि मोकळे होतो. त्यांना प्रत्येक बिल वेगळं दिसतं, प्रत्येकाची स्वतंत्र गोष्ट. मग फाइल किती करणार?

आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हे बी आहेच. १९९०मध्ये कानमन, क्नेच आणि थेलर या तिघांचा एक प्रसिद्ध प्रयोग छापून आला. वर्गातल्या अर्ध्या मुलांना एक साधा कॉफीचा मग दिला. मग त्यांना विचारलं, केवढ्याला विकाल? बाकीच्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? मग तोच, पण ज्यांच्या हातात होता त्यांनी सांगितलेली किंमत जवळजवळ दुप्पट. थोडाच वेळ मालकी मिळाली आणि भाव दुप्पट! आता वीस वर्षांच्या मालकीचं गणित तुम्हीच करा.

२०१२मध्ये डेव्हिड टॉलिन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच आत डोकावून बघितला. लोकांना घरून जुने कागद आणायला सांगितले, टपालात येणाऱ्या फालतू जाहिराती वगैरे. एमआरआय मशीनमध्ये त्यांना एकेक कागद दाखवून विचारलं, ठेवायचा की फाडायचा? फाडायचा म्हटलं तर तो खरंच श्रेडरमध्ये जाणार. दुसऱ्याचा कागद असेल तेव्हा साठवणाऱ्यांच्या मेंदूचे निर्णयाशी निगडित काही भाग नेहमीपेक्षा शांत. पण कागद स्वतःचा असला, की तेच भाग एकदम पेटल्यासारखे सक्रिय. जणू काही आग लागलीये आणि आत्ताच ठरवायचंय. आपल्याला दिसतं रद्दीचं पान, त्यांच्या मेंदूत वाजतो अलार्म.

या सगळ्या कामानंतर २०१३मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तिकेत 'होर्डिंग डिसऑर्डर' ही स्वतंत्र नोंद आली. (आपल्याकडे होर्डिंग म्हटलं की नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स डोळ्यांसमोर येतात. ते हे नव्हे!) अमेरिका-युरोपातल्या सर्वेक्षणांनुसार शंभरातल्या साधारण दोन ते सहा माणसांमध्ये हा त्रास दिसतो. म्हणजे दान्तेच्या नरकापासून दवाखान्यापर्यंत यायला सहाशे-सातशे वर्षं लागली.

बेगमी, साठेबाजी, संग्रह, अडगळ

आता थोडं आपल्या भाषेकडे येऊ. कारण साठवण्यासाठी मराठीनं चार वेगळे शब्द ठेवलेत, आणि ते फार शहाणे आहेत.

पहिला बेगमी. पावसाळ्याआधी तांदूळ, डाळ, सुकी मासळी, लाकडं भरून ठेवायची. उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवायच्या. बेगमीला तारीख असते. पाऊस संपला की साठा संपतो. मार्च २०२०मध्ये आपण सगळे किराणा दुकानासमोर उभे होतो, तेव्हा हीच बुद्धी काम करत होती, थोडी घाबरून.

दुसरा साठेबाजी. हा व्यापाऱ्याचा खेळ. भाव वाढेपर्यंत माल दाबायचा. इथं वस्तूवर जीव नसतो, नफ्यावर असतो.

तिसरा संग्रह. आणि याचं उदाहरण पुण्यात आहे. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर. त्यांनी १९२०च्या आसपास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, भांडी, कोरीव दरवाजे. लोकांच्या लेखी ती मोडीत काढायची भांडीकुंडी होती. केळकरांचा एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं: राजा दिनकर केळकर संग्रहालय. आज तिथं २०,००० च्या वर वस्तू आहेत, आणि केळकरांनी हयातीतच हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

बघा, दोन्हीकडे हजारो वस्तू आहेत. दोन्हीकडे गेलेल्या माणसाचं दुःख आहे. न्यूयॉर्कमध्ये आईबापाचं, पुण्यात मुलाचं. मग फरक कुठं पडला? पुण्यात वस्तूंना नंबर मिळाले, जागा मिळाली, आणि मुख्य म्हणजे दार उघडलं गेलं. अडकित्ता अडकित्त्यांच्या रांगेत बसला. न्यूयॉर्कमध्ये वस्तू नुसत्या आत येत राहिल्या, आणि दार बंद होत गेलं.

आणि मग उरतो चौथा शब्द, अडगळ. जिच्यामुळे अडतं, ती अडगळ. शब्दातच निदान आहे. वस्तू किती आहेत हा प्रश्नच नाही. चालायला अडतंय का, चूल पेटवायला अडतंय का, पाहुणा यायला अडतंय का, हा प्रश्न आहे. डॉक्टर आज साधारण हेच तपासतात: खोली ज्या कामाची आहे, त्या कामाला वापरता येते का?

बेगमीला तारीख असते, हे मी मघाशी म्हटलं. लँगलीच्या पेपरांनाही तारीख होती: होमरला दिसेल तो दिवस. फक्त तो दिवस येणार नव्हता. आणि एक पेपर टाकायचा म्हणजे मनात हे कबूल करायचं की भाऊ आता कधीच बघणार नाही. कोण टाकेल मग? तुम्ही टाकला असता?

खिशातलं घर

तुम्ही म्हणाल, आम्ही वन-रूम-किचनमध्ये राहतो, पियानो कुठं ठेवणार! बरोबर. आपलं माळ्यावरचं सामान आता खिशात आलंय. 'स्टोरेज फुल' असा मेसेज येतो, आणि आपण फोटो डिलीट करण्याऐवजी जास्तीची जागा विकत घेतो. तीस हजार फोटो. 'नंतर वाचू' म्हणून सेव्ह केलेल्या लिंका. आम्ही प्रोग्रामर तर याहून भारी. जुना कोड कधी डिलीट करत नाही, कॉमेंट करून ठेवतो. व्हर्जन कंट्रोलमध्ये सगळा इतिहास असतो, तरी. का? लागेल कधीतरी!

यात हसण्यासारखं आहेच, पण एक गंभीर नोंदही आहे. २०१५मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं. तो रोज साधारण १,००० डिजिटल फोटो काढायचा, आणि ते लावून ठेवण्यात त्याचे तासन् तास जायचे, झोप जायची. फोटो तो पुन्हा बघत नसे. पण उपयोगी पडतील म्हणून पुसतही नसे. त्याच्या घरात कागद आणि सायकलींचे भागही साठलेले होते. म्हणजे ढीग डिस्कवर असो की जमिनीवर, मन तेच.

पण घाबरू नका. तीस हजार फोटो असणं म्हणजे आजार नाही. अडतंय का, एवढंच विचारा.

मग करायचं काय?

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात एक खोली अशी असेल, जिचं दार पाहुणे आले की लोटून घेतलं जातं. काका असतील, आजी असेल, आई असेल.

आपल्याला काय सुचतं? त्या गावाला गेल्या की टेम्पो बोलवू, भंगारवाल्याला सगळं देऊन टाकू, परत आल्यावर खूश होतील. मंडळी, हे करू नका. या विषयात काम करणारे तज्ज्ञ पुन्हा पुन्हा हेच सांगतात: जबरदस्तीनं घर रिकामं केलं तर माणूस हादरतो, विश्वास तुटतो, आणि काही महिन्यांत घर पुन्हा भरतं. कारण ढीग काढला, ढीग बनवणारा अलार्म तसाच राहिला. १९४२मध्ये बँकेची माणसं दार तोडून आत गेली होती, आठवतं? त्यानंतर पाच वर्षांनी त्या घरातून काय निघालं, ते आपण ऐकलंच.

जे उपचार काही प्रमाणात काम करतात, ते हळू असतात. समुपदेशक माणसाच्या शेजारी बसतो. एक वस्तू त्याच्याच हातात देतो. टाकल्यावर काय होईल असं वाटतं, ते बोलायला लावतो. मग एखादी छोटी वस्तू खरंच टाकून बघायची, आणि ती बेचैनी थोड्या वेळानं ओसरते हे अनुभवायचं. निर्णय त्याचा, हात त्याचा. आपण फक्त सोबत. शेकडो वस्तू, कित्येक महिने. कंटाळवाणं आहे, पण वाट हीच आहे. आणि त्रास जास्त असेल, पडण्याचा किंवा आगीचा धोका असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं बरं. उतारवयात अचानक हे सुरू झालं असेल तर नक्कीच, कारण स्मृतिभ्रंशासारख्या आजारातही असं दिसतं.

आणि घरात बोलताना 'हा कचरा' हा शब्द टाळा. त्यापेक्षा विचारा, हे कशासाठी ठेवलंय? कुणाचं आहे? मग गप्प बसून ऐका. कॉलियरांच्या बाबतीत पोलीस आले, बँक आली, पत्रकार आले, चोर आले, गर्दी आली. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, आत काय आहे. लँगलीनं पेपरांचं कारण सांगितलं, तेव्हा ते छापून आलं आणि लोक हसले. ते गठ्ठे भावाच्या डोळ्यांसाठी आहेत हे ऐकून कुणी एखादा त्याच्या शेजारी बसला असता, होमरला डॉक्टरला दाखवूया म्हणून हळूहळू मागे लागला असता, तर कदाचित दोघांचा शेवट असा झाला नसता.

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे जी कुणालाच टाकवत नाही, आणि का, ते मला नक्की कळवा. टाका असं मी म्हणणार नाही! एपिसोड आवडला तर ज्याच्या माळ्यावर अजून जुन्या टीव्हीचा खोका आहे, त्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.